कल्याणान्तापासून इच्छामरणापर्यंत

कुंभकोणमच्या नैर्ऋत्येस काही मैलांवर पट्टीश्वरम् हे गाव आहे. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली, म्हणून हे पट्टीश्वरम् आणि येथील देव धेनुपुरीश्वर, असे स्थलपुराण सांगते. या देवालयात शिरणाऱ्याच्या लक्षात प्रथम येते ती नंदीची जागा. एरवी नंदी गाभाऱ्याच्या सरळ रेषेत, देवाकडे टक लावून बसलेला असतो. येथे तो बाजूला सरकलेला आहे. सातव्या शतकातील शैव संतकवी तिरुज्ञानसंबंदर हा शेजारच्या तिरुसत्तिमुत्रम् येथून रणरणत्या उन्हात चालत येत होता. त्याच्या डोक्यावर शिवाने मोत्यांचा मांडव पाठवला, आणि त्या मांडवाखालून येणारे ते पोर आपल्याला नीट दिसावे म्हणून नंदींना बाजूला होण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे. आनी महिन्यात आजही येथे मुत्तु पंदलचा, म्हणजे मोत्यांच्या मांडवाचा, उत्सव होतो. सामान्यतः भक्त देवाला पाहतो. या कथेत देव प्रेक्षक झाला आहे, आणि पाहण्याच्या आड जे येते ते त्याने आधी दूर केले आहे.

दुःखी माणसाकडे पाहणाऱ्याची जागा नेमकी कोणती असावी, हा प्रश्न या मुलखात केवळ देवळापुरता राहिला नाही. नायक राजांचा विद्वान मंत्री गोविंद दीक्षित याची आणि त्याच्या पत्नीची मूर्ती पट्टीश्वरमच्या मंदिरात आहे. नायकांच्या पाठोपाठ १६७५-७६च्या सुमारास तंजावर व्यंकोजी भोसल्यांच्या हाती आले आणि १८५५पर्यंत कावेरीच्या या खोऱ्यावर मराठी घराण्याचे नाव राहिले. हे घराणे नाटकांचे वेडे होते. व्यंकोजीचा पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) याने तेलुगूत लिहिले, मराठीत लिहिले, आणि त्याचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे उपलब्ध मराठी नाटकांतील सर्वांत जुन्या नाटकांपैकी एक मानले जाते. दक्षिणेत ‘कल्याण’ म्हणजे विवाह. मराठीत त्या शब्दाचा अर्थ क्षेम, भले. तंजावरच्या मराठी नाटककाराला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येत असले पाहिजेत. कारण त्याच्या रंगभूमीवर विवाह हाच भले होण्याचा पुरावा होता. प्रेमात विघ्ने येतील, विरह येईल, रुसवे येतील, परंतु शेवटी मंगल गायले जाईल आणि प्रेक्षक निर्भय मनाने घरी जाईल, हा त्या नाटकांचा अलिखित करार होता.

या कराराला शास्त्राचाही आधार होता. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये, असा संस्कृत नाट्यपरंपरेचा दंडक. तो मोडणारे एक विलक्षण नाटक मात्र त्या परंपरेतच होते. भासाच्या नावावर मोडणारे ‘ऊरुभंग’ गणपतिशास्त्री यांनी केरळातून उजेडात आणून १९१२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा अभ्यासकांना ते कोड्यासारखे वाटले. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवरून सरपटत येतो. आंधळा बाप त्याला शोधतो, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला शोधते, आणि लहानगा मुलगा नेहमीप्रमाणे मांडीवर बसायला धावतो. पण आता बसायला मांडीच राहिलेली नाही. याच नाटकात पौरवी ही राणी रडत नाही, कारण अग्निप्रवेशाचा तिचा निश्चय झालेला आहे. अपंगत्व, दांपत्यप्रेम आणि स्वतःहून पत्करलेले मरण या तीन गोष्टी भारतीय रंगभूमीवर इतक्या जवळ क्वचितच आल्या असतील. विशेष हे की, ज्याचे शरीर मोडले आहे त्याच्या मुखी नाटककाराने मरणाची मागणी घातलेली नाही. तो वैर संपवण्याविषयी बोलतो, मुलाने पांडवांशी कसे वागावे ते सांगतो. मरण निवडते ती धडधाकट पत्नी.

पट्टीश्वरमच्या परिसरात हा प्रश्न आणखी एका नाटकाने घराघरात पोचवला होता. तंजावरजवळच्या मेलट्टूर येथे भागवतमेळ्याची परंपरा आहे. नृसिंहजयंतीच्या सुमारास देवळासमोर रात्रभर नाटके चालतात आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. मराठी राजांच्या काळात तेथे होऊन गेलेल्या वेंकटरामशास्त्रींच्या तेलुगू नाटकांत ‘मार्कंडेय’ आहे. मार्कंडेयाची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे ती यमपाशाच्या प्रसंगापुरती. तिचा आरंभ अधिक अवघड आहे. मृकंडू आणि त्याची पत्नी यांना शिव विचारतो : सोळा वर्षे जगणारा सर्वगुणसंपन्न पुत्र हवा, की दीर्घायुषी पण मंदबुद्धी? तमिळ परंपरेतील कथनात या दुसऱ्या मुलाच्या वाट्याला शरीराची वैगुण्येही येतात. आईबाप क्षणभरही न अडखळता पहिला पर्याय निवडतात. पुढे सोळावे वर्ष सरते, यम येतो, मुलगा शिवलिंगाला मिठी मारतो आणि शिव यमाला लाथाडतो. हे जेथे घडले असे मानतात त्या तिरुक्कडैयूरला आजही जोडपी साठीशांत आणि सहस्रचंद्रदर्शन करण्यासाठी जातात. कथेच्या आनंदात एक गोष्ट विसरली जाते. जो दुसरा मुलगा जन्मालाच आला नाही, त्याच्या बाजूने बोलणारे पात्र या कथेत नाही. प्रेक्षकालाही त्याची उणीव भासत नाही. विकलांग दीर्घायुष्यापेक्षा देखणे अल्पायुष्य बरे, हा निवाडा नाटक सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो, आणि तो इतक्या सहजपणे झालेला असतो की तो निवाडा आहे हेही ध्यानात येत नाही.

ज्यांना निवड म्हणतात अशा निवडी प्रत्यक्षात कशा होत असत, याची साक्षही तंजावरकडेच आहे. फ्रेंच मिशनरी आबे द्युबुआ याने तंजावरच्या राजाच्या अंत्ययात्रेचे वर्णन केले आहे. १८०१ मध्ये वारलेल्या या राजाला चार विवाहित राण्या होत्या. त्यांपैकी दोघींनी सहगमन करावे असे ब्राह्मणांनी ठरवले, आणि कोणत्या दोघींनी, हेही त्यांनीच ठरवले, असे तो लिहितो. त्या दोघींना नकार देण्याची मोकळीक नावापुरती होती. नकारानंतरचे आयुष्य कसे असेल हे त्यांना पुरते ठाऊक होते. द्युबुआ परधर्मी होता, त्याच्या लेखणीत पूर्वग्रह होते, हे मान्य करूनही त्याने टिपलेली एक गोष्ट खोडून काढता येत नाही. पाहायला लोटलेली गर्दी प्रचंड होती. त्या गर्दीच्या दृष्टीने त्या दोन स्त्रियांनी स्वेच्छेने मरण पत्करले होते. स्वेच्छा हा शब्द तेव्हाही उपलब्ध होता आणि तेव्हाही तो पाहणाऱ्यांच्याच उपयोगी पडत होता.

त्याच राजवाड्यात थोड्याच काळाने वेगळ्या प्रकारचे पाहणे चालू होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वतीमहाल ग्रंथालय वाढवले, धन्वंतरीमहाल उभारला, आणि डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे चित्रांसह लिहून घेतली. कोणाला किती दिसते, शस्त्रक्रियेनंतर किती दिसू लागले, याच्या त्या नोंदी आहेत. राजघराण्याची नाटके आणि नेत्ररोग्यांची टिपणे एकाच नगरीत जपली गेली. दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारच्या कागदांतून नाटक कोणी लिहिले नाही.

तंजावरची मराठी नाटके हस्तलिखितांतच राहिली आणि महाराष्ट्रातल्या रंगभूमीने आपला आरंभ १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून धरला. दोन प्रवाहांत सरळ सांधा नाही. मात्र करार तोच होता : पुन्हा विवाह, पुन्हा मंगल. तो करार मोडायला पाऊण शतक लागले. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) नायिका नदीत जीव द्यायला निघते, परंतु कोदंड तिला वाचवतो आणि नाटक कल्याणान्ताकडे वळते. जरठविवाहातून सुटण्याचा दुसरा मार्ग त्या मुलीपुढे समाजाने ठेवलेला नव्हता. नाटककाराने तो ऐनवेळी ठेवला. वीस वर्षांनी गडकऱ्यांनी ठेवला नाही. ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला रंगभूमीवर आले, तेव्हा नाटककाराला जाऊन महिनाही झाला नव्हता. दारूने खचलेला सुधाकर आपल्या तान्हुल्याचा आणि सिंधूचा घात करतो आणि अखेर विष घेऊन मरतो. प्रेक्षक ढसढसा रडत. पण त्या रडण्याचे मानकरी सिंधूच अधिक होती. दळण दळणारी, मार खाणारी, तक्रार न करणारी सिंधू बालगंधर्व अशी रंगवीत की दुःख हे सौंदर्याचेच एक रूप वाटावे. सुधाकराचे मरण हा त्या सौंदर्याला दिलेला न्याय होता. व्यसनाधीन माणूस सुधारून, थरथरत्या हातांनी, गेलेली सनद पुन्हा मिळवीत वर्षानुवर्षे जगतो आहे, असा शेवट त्या प्रेक्षकाला रुचला असता काय?

बालगंधर्वांचे स्वतःचे आयुष्य मात्र नाटकासारखे संपले नाही. शेकडो रात्री रंगमंचावर मेलेली ही सिंधू उत्तरायुष्यात पायांनी अधू झाली. पाय गेल्यावरही ते बसून भजने गात राहिले. त्यांना उचलून आणावे लागे, आणि ऐकायला येणाऱ्यांतल्या अनेकांना ते दृश्य सहन होत नसे. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या रसिकांनी त्यांच्या पूर्वीच्या रूपाच्या आठवणींनी पानेच्या पाने भरली, त्यांनी या शेवटच्या वर्षांविषयी बहुधा हळहळीच्या एकदोन वाक्यांत आवरते घेतले आहे. गाणारा गात होता; पाहणाऱ्यांनी डोळे फिरवले होते.

मराठी समाजाला इच्छेने पत्करलेल्या मरणाचा तिटकारा होता असे मात्र नाही. ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीपासून त्याची एक आदरणीय वाट आहे. विनायक दामोदर सावरकरांनी अन्नत्याग करून २६ फेब्रुवारी १९६६ रोजी देह ठेवला. विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी. दोघांच्याही मरणाकडे लोकांनी पूर्ण झालेल्या जीवनाचा समारोप म्हणून पाहिले. कार्य संपले आहे, हे म्हणण्याचा अधिकार त्यांनी कमावला आहे असे मानले गेले. अडचण येते ती येथून पुढे. ज्याचे कार्य जगाने कधी मोजलेच नाही, त्याचे ते संपले की नाही हे कोणी ठरवायचे?

जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ने (१९७३) हा प्रश्न मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणला. नाना आणि नानी हे वृद्ध जोडपे. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. एक परतत नाही, दुसरा युद्धात मरतो. दार वाजावे, चुकून का होईना कोणी फोन करावा, यासाठी आसुसलेली ही दोन माणसे शेवटी झोपेच्या गोळ्या घेतात. विजया मेहता यांच्या नानीने हे नाटक पाहणाऱ्यांच्या मनात कायमचे घर केले. हे प्रेमाचेच नाटक आहे, आणि वार्धक्याच्या हळूहळू वाढणाऱ्या असमर्थतेचेही. त्याची ताकद अशी की, मरणाच्या निर्णयामागे असाध्य रोग नाही, असह्य वेदना नाही. निर्णयामागे रिकामी दुपार आहे. प्रेक्षकांतले कितीजण त्या रात्री घरी जाऊन आईवडिलांशी बोलले असतील, ते इतिहासाला कळण्याचा मार्ग नाही. मात्र २०१८च्या आरंभी मुंबईतल्या एका निपत्य वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे एकत्र मरणाची परवानगी मागितल्याचे वृत्त आले, तेव्हा त्या दोघांनाही जीवघेणा आजार नव्हता. दळवींच्या नाटकाला तोवर पंचेचाळीस वर्षे झाली होती.

नाटकात जे दोन अंकांत होते ते न्यायालयात आणि विधिमंडळात अनेक वर्षे घेते. मिनू मसानी यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन झाली; १९८५ मध्ये स. शि. वर्दे यांनी महाराष्ट्र विधानपरिषदेत या विषयावर विधेयक मांडले, ते पुढे गेले नाही. त्याच सुमारास मुंबई पोलीस दलातील एका शिपायाचा खटला उभा राहिला. रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला होता आणि त्यानंतर तो मानसिक आजाराने ग्रासला गेला. पत्नीला भाजीचा गाळा टाकून देता यावा म्हणून तो परवान्यासाठी महापालिकेच्या कार्यालयात गेला, आणि तेथेच त्याने अंगावर रॉकेल ओतले. त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा, म्हणजे १८६०च्या दंडसंहितेतील ३०९व्या कलमाचा, गुन्हा लागला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी १९८६ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येतो, हा त्या निर्णयाचा गाजलेला भाग. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती फिरवली, हा कायद्याचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे. भाजीच्या गाळ्याचे काय, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत येत नाही. त्या शिपायाला मरण्याचा हक्क हवा होता की परवाना?

पाश्चात्त्य रंगभूमीने या विषयाला जो साचा दिला तो ब्रायन क्लार्क यांच्या नाटकातून. ‘हूज लाइफ इज इट एनीवे?’ हे १९७२ मध्ये प्रथम दूरचित्रवाणीवर आणि १९७८ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. मानेखालचे शरीर निकामी झालेला एक शिल्पकार आपल्याला मरू द्यावे म्हणून रुग्णालयाशी भांडतो आणि जिंकतो. त्यात प्रणयाला फारसे स्थान नव्हते. प्रणय नंतर आला, आणि त्याने नाटकाचा तोलच बदलला. संजय लीला भन्साळी यांच्या ‘गुजारिश’मध्ये (२०१०) गोव्यातल्या जुन्या हवेलीत चौदा वर्षे अंथरुणाला खिळलेला जादूगार ईथन मस्करेन्हस न्यायालयाकडे इच्छामरण मागतो. न्यायालय नाकारते. त्याची शुश्रूषा करणारी सोफिया प्रेमापोटी त्याला साहाय्य करायला तयार होते, ती दोघे विवाहबद्ध होतात आणि निरोपाच्या मेजवानीत चित्रपट संपतो. जोजो मॉइस यांच्या २०१२च्या कादंबरीवरचा ‘मी बिफोर यू’ हा इंग्रजी चित्रपट २०१६ मध्ये आला. त्यातही श्रीमंत, देखणा, अपघाताने पंगू झालेला नायक प्रेम लाभल्यानंतरही स्वित्झर्लंडला जाऊन मरण निवडतो. ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. आमच्यासारखे जगण्यापेक्षा मेलेले बरे, असे हा चित्रपट सांगतो, हा त्यांचा आक्षेप होता.

‘गुजारिश’च्या शेवटी विवाह आहे, हे तंजावरच्या वाचकाने तरी नजरेआड करू नये. कल्याणान्त परत आला आहे; फक्त आता मंगल गायले जाते ते मरणाच्या उंबरठ्यावर. प्रेक्षकाला दोन्ही सुखे एकदम मिळतात, प्रेम जिंकल्याचे आणि दुःख संपल्याचे. नायकाच्या स्वातंत्र्याचा आदर करायला हवा, ही या चित्रपटांची भूमिका पोकळ नाही. यंत्रांवर ताणलेल्या शरीराचे हाल ज्याने पाहिले आहेत तो त्या मागणीला हसणार नाही. तक्रार आहे ती दुसरीकडे. या नायकांना पैसा आहे, प्रशस्त घर आहे, रात्रंदिवस सेवा करणारी, वर प्रेमात पडणारी व्यक्ती आहे. एवढे सगळे असूनही जगणे नको, असे दाखवले की ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांच्या जगण्याविषयी प्रेक्षकाने काय समजावे? मार्कंडेयाच्या कथेतला तो न जन्मलेला दुसरा मुलगा येथेही रंगमंचाबाहेरच उभा आहे.

‘गुजारिश’ प्रदर्शित झाला १९ नोव्हेंबर २०१० रोजी. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ७ मार्च २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानभाग प्रकरणी निकाल दिला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, म्हणजे ‘संध्याछाया’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन तिचे पुढचे सारे आयुष्य एका खाटेवर गेले. तिचा विवाह ठरलेला होता. कथेला लागणारी सामग्री येथे इतकी होती की लेखक तिच्याकडे वळले नसते तरच नवल : हरकिसन मेहता यांची गुजराती कादंबरी ‘जड चेतन’ आली, वैद्यकीचे शिक्षण घेत असताना दत्तकुमार देसाई यांनी १९९४-९५ मध्ये ‘कथा अरुणाची’ हे मराठी नाटक लिहिले आणि २००२ मध्ये विनय आपटे यांनी ते बसवले, पिंकी विराणी यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये निघाले. तिला अन्न देणे थांबवून मरू द्यावे, अशी याचिका विराणी यांनीच केली. तिच्यामागे करुणा होती, यात शंका नाही.

न्यायालयाने विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, उपचार थांबवता येतील असे तत्त्व मान्य केले. त्याच पायावर पुढे ९ मार्च २०१८चा निकाल आला आणि माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ लेखी इच्छा नोंदवण्याची मुभा मिळाली. ती पद्धत २०२३ मध्ये आणखी सोपी करण्यात आली. अरुणेच्या बाबतीत मात्र याचिका फेटाळली गेली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने पुस्तक लिहिणाऱ्या लेखिकेला दिला नाही. तो रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांचे म्हणणे होते, तिला जगू द्या. ज्या परिचारिका तिच्याबरोबर काम करीत होत्या त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्याही निवृत्त झाल्या, तिला पूर्वी कधीही न भेटलेल्या मुली तिला भरवू लागल्या. सदतीस वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची न्यायालयाने खास दखल घेतली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला.

तिला स्वतःला काय हवे होते, हे सांगणे तिला शक्य नव्हते. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासून जो अहवाल दिला त्यात मेंदूच्या अवस्थेची, प्रतिक्षिप्त क्रियांची, रक्तदाबाची तपशीलवार नोंद आहे. त्यातच हेही लिहिले आहे की, मासे किंवा कोंबडीचे सूप भरवले की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसते.